चेन, पिन, बुश आणि तोफ!

उन्हाळ्यात बारामती-इंदापूर रस्त्यावर रसवंतीपाशी थांबलात, तर घटकाभरात एखादा ट्रेलर हमखास दिसतो. वर चेनचं पोकलेन, निघालंय कुठल्याशा तळ्यातला गाळ काढायला. बाकड्यावर रस पीत बसलेलं पोरगं ओरडतं, "रणगाडा चालला!" मोठी माणसं हसतात. हसू नये. पोराचं निम्मं बरोबर असतं.

जुना लष्करी रणगाडा भंगारातून उचलायचा आणि पुन्हा घरघरायला लावायचा, हा जगभरातल्या काही वेड्या माणसांचा छंद आहे. आपल्या भागात कुणाच्या गोठ्यात शर्मन रणगाडा बांधलेला ऐकिवात नाही. पण बारामतीहून दौंडमार्गे निघालं की अडीच-तीन तासांत नगर येतं, आणि तिथे जुन्या रणगाड्यांची अख्खी पंगत बसलेली आहे. शिवाय या छंदाला लागणारी अर्धी विद्या आपल्या गॅरेजांमध्ये आधीपासूनच आहे. खरं वाटत नाही? मग हे वाचा.

१. 'टँक' आपल्याच टाक्यातला

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हे यंत्र गुपचूप बनवायला घेतलं. कारखान्यातल्या कामगारांनी विचारलं, हे काय चाललंय? उत्तर मिळालं, मेसोपोटेमियातल्या सैन्यासाठी पाण्याच्या टाक्या. गुपित फुटू नये म्हणून घेतलेलं हे खोटं नाव कायमचं चिकटलं. गंमत पुढेच आहे. मुळात हा इंग्रजी शब्द गुजराती-मराठी 'टाकं' आणि पोर्तुगीज 'टांक' यांच्या संगतीतून आल्याचं अनेक कोश सांगतात. म्हणजे सिंहगडावरचं देवटाकं आणि सोमच्या रणांगणात १५ सप्टेंबर १९१६ रोजी पहिल्यांदा उतरलेला टँक, हे नावानं तरी भाऊबंद!

२. जन्म शेतात, नोकरी सैन्यात

कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळची जमीन इतकी भुसभुशीत होती, की वाफेवरचे अवजड ट्रॅक्टर तिच्यात रुतून बसायचे. चाकं रुंद करून पाहिली, तरी जमेना. शेवटी बेंजामिन होल्ट यांनी चाकं काढली, फळ्यांचे फिरते पट्टे लावले आणि नोव्हेंबर १९०४ मध्ये ट्रॅक्टर त्या रानात चालवून दाखवला. सुरवंटासारखा सरपटतो म्हणून त्याचं नाव पडलं 'कॅटरपिलर'. पुढे १९१५ मध्ये इंग्लंडात 'लिटल विली' हा रणगाड्यांचा पणजोबा तयार झाला, तो लिंकनच्या फॉस्टर कंपनीत. या कंपनीचा मूळ धंदा कोणता? मळणीयंत्रं आणि शेतीची अवजारं. काळ्या रानात ट्रॅक्टर फसल्यावर शेतकऱ्याच्या तोंडून जे शब्द निघतात, त्यांचा युद्धशास्त्राच्या प्रगतीत असा मोठा वाटा आहे.

३. पोकलेन हे आडनाव कुणाचं?

'झेरॉक्स' आणि 'डालडा'सारखीच ही गोष्ट. पोक्लेन ही फ्रान्समधली कंपनी. जॉर्ज बाताय यांनी १९२७ मध्ये सुरू केली, आणि तिचीही सुरुवात शेतीच्या अवजारांपासूनच झाली. आज यंत्र जपानी असो की कोरियन, आपल्याकडे ते पोकलेनच. ड्रायव्हर मात्र जात बरोबर ओळखतो: "चेनचं पाहिजे का टायरचं?"

४. अंगानं हत्ती, पावलानं माणूस

रशियन बनावटीचा पीटी-७६ हा हलका रणगाडा १४ टनांचा. पण हे वजन दोन लांब पट्ट्यांवर पसरतं, त्यामुळे जमिनीवर दाब पडतो दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहून किंचित कमी. चालताना एका पायावर भार आलेला माणूस साधारण तेवढाच दाब देतो. ३६ टनांच्या टी-५५ चा आकडा ०.८१ किलो. म्हणून ज्या ओल्या रानात भरलेली ट्रॉली कण्यापर्यंत बसते, तिथून चेनची गाडी आरामात निघून जाते. अर्थात चिखलालाही सीमा असते. तो किस्सा पुढे येतोच आहे.

५. नगरची पंगत

अहिल्यानगर, म्हणजे आपल्या तोंडातलं 'नगर', हे चिलखती दलाचं माहेर. तिथल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं फेब्रुवारी १९९४ मध्ये रणगाडा संग्रहालय उघडलं. पानात काय काय वाढलंय? इंग्रजांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल. अमेरिकेचे स्टुअर्ट आणि चाफी. जपानचे हा-गो आणि ची-हा. फ्रान्सचा एएमएक्स-१३, युद्धात पकडून आणलेले पॅटन आणि आवडी इथल्या कारखान्यात घडलेला आपला विजयंता. शिवाय चिलखत घातलेली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट! राजे-महाराजांच्या मिरवणुकीत शोभणारी ही गाडी इथे मशीनगनचा बुरूज डोक्यावर घेऊन उभी आहे. नवरदेवाला गवंडीकामाला लावावं तशी.

६. 'फॅमागुस्ता' घरी आला

अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५०. पलटण पूना हॉर्स. रणगाडा सेंच्युरियन, नाव 'फॅमागुस्ता'. हे सायप्रसमधल्या एका बंदराचं नाव. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत रणगाडा पेटला, तरी ते मागे हटले नाहीत. वय २१. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तो जखमी रणगाडाही पुढे दुरुस्त करून नगरला जपून ठेवला आहे. लोखंडाची डागडुजी कशासाठी करायची, असं कुणी विचारलं तर त्याला इथे आणून उभं करावं. काही न बोलता.

७. उसानं जिंकलेली लढाई

हा किस्सा उसाच्या पट्ट्यात तोंडपाठ असायला हवा. सप्टेंबर १९६५. पंजाबातल्या खेमकरणजवळ, असल उत्तर गावच्या शिवारात पाकिस्तानचे नवेकोरे अमेरिकन पॅटन चालून आले. आपल्याकडे होते डेक्कन हॉर्सचे दुसऱ्या महायुद्धातले म्हातारे शर्मन, जोडीला सेंच्युरियन आणि हलके एएमएक्स. मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या हाताखालच्या सैन्यानं घोड्याच्या नालेसारखी अर्धगोल फळी धरली. रणगाडे लपवले कुठे? उभ्या उसात! उंच पाचटाच्या आड शर्मन दबा धरून बसले. त्यावर कालव्याचं पाणी रानात सोडलं गेलं.

पुढचं नीरा कालव्यावरच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. पाणी जास्त झालं की रान चिबडतं, आणि चिबडलेल्या रानात कुणाचीच ऐट चालत नाही. पॅटन रुतले आणि उसातून नेम धरून टिपले गेले. हवालदार अब्दुल हमीद तर जीपवर बसवलेल्या तोफेनं रणगाडे उडवत होते. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. भारतीय नोंदीनुसार शत्रूचे ९७ रणगाडे गेले. भिखीविंडला पकडलेले पॅटन रांगेत उभे केले, त्या जागेला लोक 'पॅटननगर' म्हणू लागले.

८. बुरूज वेगळा, धड वेगळं

१९४८ चा नोव्हेंबर. काश्मीरची लढाई. झोजिला खिंड, उंची साडेअकरा हजार फूट. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हतं. कच्च्या पुलांना वजन झेपावं आणि गुपित राहावं म्हणून ७ लाइट कॅव्हलरीच्या स्टुअर्ट रणगाड्यांचे बुरूज उतरवून वेगळे नेले आणि पुढे पुन्हा चढवले. १ नोव्हेंबरला बर्फात रणगाडे दिसले आणि खिंड मोकळी झाली. जुन्या गाड्यांचे शौकीन आज चैनकप्पी लावून, चार दिवस घाम गाळून बुरूज उतरवतात. त्यांचे हे गुरुजी थंडीत आणि वेळेशी शर्यत लावत तेच करत होते.

९. तुपाचा डबा

चौथ्या किश्शातला पीटी-७६ पाण्यावर तरंगतोही. पंजाबी जवानांनी त्याला तुपाच्या रिकाम्या डब्याचं नाव दिलं, 'पिप्पा'. आपलं पिंपही याच गोतावळ्यातलं, मूळ पोर्तुगीज. नोव्हेंबर १९७१ मध्ये गरीबपूरच्या लढाईत ४५ कॅव्हलरीच्या याच डब्यांनी पाकिस्तानी चाफींना धूळ चारली. टाकं झालं, पिंप झालं. रणगाड्याच्या घराण्यात आता फक्त घागर राहिली.

१०. पाच इंजिनं, एक गाडी

जुगाड फक्त आपल्याकडेच होतो, हा गैरसमज सोडा. शर्मनच्या एका प्रकारासाठी इंजिन कमी पडलं, तेव्हा क्रायस्लरनं मोटारीची सहा सिलिंडरची पाच इंजिनं एकाच गाभ्याभोवती गोलात जोडली. एकूण ३० सिलिंडर! ट्यूनिंग करणाऱ्या मिस्त्रीची दया येते.

सेंच्युरियनचं मीटिऑर इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानाच्या मर्लिनचा जमिनीवरचा अवतार. विमानाला चालत नाहीत म्हणून बाजूला काढलेले सुटे भागही सुरुवातीला त्यात वापरले गेले. आणि सुरुवातीच्या स्टुअर्टमध्ये होतं सात सिलिंडरचं गोल, विमानाचं इंजिन. ते बराच वेळ उभं राहिलं की ऑइल खालच्या सिलिंडरमध्ये साचतं. तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समजा. म्हणून आधी हँडल घालून हातानं ते पन्नासेक वेळा फिरवायचं. रहाटाला बैल जुंपल्यासारखं.

११. चहा कुठे आहे?

सेंच्युरियनपासून ब्रिटिश रणगाड्यांत विजेवर पाणी उकळण्याचं भांडं बसवलेलं असतं. बाहेर गोळे पडत असले तरी आत चहा. भंगारातून रणगाडा मिळवणारे शौकीन तोफेइतक्याच आतुरतेनं हे भांडं जाग्यावर आहे का ते बघतात. यात हसण्यासारखं काही नाही. टपरी लांब असली की आपलं तरी कुठलं काम पुढे सरकतं?

१२. "टॉप रोलर कुठंय?"

आमच्या ओळखीच्या एका पोकलेन मिस्त्रींना मोबाइलवर टी-५५ चा फोटो दाखवला. तोफेकडे त्यांनी बघितलंच नाही. फोटो मोठा करून थेट चेनवर गेले.

"काका, काय वाटतंय?"

"वरली चेन लोंबतीय की. टॉप रोलर कुठंय ह्याला?"

नेमकं बोट ठेवलं! टी-५५ ला चेन वरून तोलणारे रोलर नसतातच. वरची चेन ऐसपैस लोंबते आणि पाच मोठ्या चाकांच्या पाठीवर टेकून पुढे सरकते. शर्मनला मात्र वर छोटे रोलर असतात. मागे दातेरी चाक, पुढे मोकळं चाक, ही टी-५५ ची मांडणी पोकलेनसारखीच. आणि भाषाही तीच: चेन, शू, पिन, बुश, स्प्रॉकेट, आयडलर.

चेन जोडायची पद्धतही सख्ख्या भावासारखी. दोन टोकं ओढून समोरासमोर आणायची, भोकाला भोक जुळवायचं, मग एकानं पिन धरायची आणि दुसऱ्यानं घण घालायचा. धरणाऱ्याचा घालणाऱ्यावर पूर्ण विश्वास पाहिजे. शेवटी आयडलर पुढे सरकवून ताण द्यायचा. पोकलेनला हे काम ग्रीस गननं होतं, रणगाड्याला लांब दांड्याचा पाना लागतो. ढिली राहिली तर वळणावर चेन उतरते. फार ताणली तर पिन आणि बुश खाऊन टाकते. मिस्त्रींच्या मते संसाराचंही तसंच असतं, पण तो वेगळा लेख.

१३. आटे, डिझेल आणि धीर

पन्नास-साठ वर्षं पावसात उभी असलेली गाडी उघडायला शास्त्र फारसं लागत नाही, धीर लागतो. गंजलेल्या नटाला आधी डिझेल पाजायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. सकाळी हलक्या हातानं ठोकायचं. तरी हलला नाही तर गॅसनं तापवायचं. घाई केली की आटे गेले, आणि जुन्या मापाचे आटे बाजारात मिळत नाहीत. मग लेथवर नवे काढून घ्या. ऑइल सील आणि पॅकिंग यांचं रबर चुरा झालेलं असतं, वायरी उंदरांनी खाल्लेल्या, आणि बुरुजात गांधीलमाशीचं पोळं असलं तर पहिला दिवस वायाच.

रंगाची गंमत निराळी. शौकीन एकदम खरवडत नाहीत. बारीक पॉलिश पेपरनं एकेक थर उतरवतात. वरच्या हिरव्याखाली मातकट रंग, त्याखाली पांढऱ्या अक्षरांत जुना नंबर किंवा पलटणीची खूण निघते. वाड्याच्या भिंतीचा चुना खरवडताना जुनं चित्र सापडावं तसं. ती खूण निघाली की लोखंडाच्या ढिगाला नाव, गाव आणि पलटण मिळते.

१४. एकट्याचं काम नोहे

एस्टोनियात १९४४ साली एका मुलाला तळ्यात शिरणाऱ्या चेनच्या खुणा दिसल्या आणि पाण्यातून बुडबुडे येताना दिसले. मोठेपणी त्यानं ते स्थानिक इतिहासप्रेमींच्या क्लबला सांगितलं. १४ सप्टेंबर २००० रोजी त्या क्लबनं ५६ वर्षं गाळात झोपलेला टी-३४ बाहेर ओढला. कशानं? कोमात्सूच्या अजस्र बुलडोझरनं. चेनवाल्यानंच चेनवाल्याला हात दिला! दलदलीत हवा पोचत नसल्यानं गंजही फारसा नव्हता, आणि अंगावर खुणा निघाल्या जर्मनांच्या. रशियन रणगाडा जर्मनांनी पकडून वापरला होता.

फ्रान्समध्ये फ्लेस्किएर गावात एका म्हाताऱ्या बाईच्या लहानपणच्या आठवणीवरून १९९८ मध्ये जमिनीखालून 'डेबोरा' निघाली, १९१७ च्या लढाईत पडलेला मार्क-४. शोध घेणारे फिलीप गोर्चिन्स्की पेशानं हॉटेलवाले! इंग्लंडात बोव्हिंग्टनच्या संग्रहालयानं १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला 'टायगर १३१' पुन्हा चालता केला, आणि २०१४ च्या 'फ्युरी' चित्रपटात त्यानं कामही केलं.

तिन्ही ठिकाणी सूत्र एकच. एकाला आठवण असते, दुसऱ्याकडे यंत्र, तिसऱ्याकडे लेथ, चौथ्याकडे जुनं माहितीपुस्तक. आणि पाचवा नुसता उभा राहून "असं नाही, तसं" सांगतो. तोही लागतो.

१५. रणातून परत रानात

युद्ध संपल्यावर बरेच रणगाडे मूळ धंद्याला लागले. विकर्स कंपनीनं शर्मनचा ट्रॅक्टर केला, नाव 'शर्विक'. तो गेला आफ्रिकेत टांगानिकाला, ब्रिटिश सरकारच्या भुईमूग योजनेवर. ती योजना १९५१ मध्ये साडेतीन कोटी पौंडांहून जास्त पैसे घेऊन बुडाली. शेंगा कमी आणि टरफलंच फार. जर्मनीचं 'केटेनक्राड' म्हणजे पुढे मोटारसायकल, मागे चेन. युद्धानंतरही काही वर्षं ते शेतकऱ्यांसाठी तयार होत होतं. भारतात केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेनं अमेरिकन लष्करानं मागे ठेवलेल्या चेनच्या ट्रॅक्टरांनी कांस गवत उपटायला घेतलं. याच कामाच्या यंत्रांसाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेनं एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. आपल्या हराळीला एवढा मान कधी मिळाला नाही.

उलटी वरातही निघाली. १९४० च्या सुमारास न्यूझीलंडनं कॅटरपिलर ट्रॅक्टरवर पन्हाळी पत्रे ठोकून 'बॉब सेंपल' रणगाडा बनवला. त्यातला एक गोलंदाज म्हणे इंजिनावर गादी टाकून झोपून गोळीबार करायचा. शत्रू आला नाही, हे सगळ्यांचंच नशीब.

१६. इंदापूरचा दुवा

वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला आणि त्या वस्तीचं वालचंदनगर झालं. आधी ऊस पिळणारी यंत्रं, त्यांचे गिअर, आणि पुढे तिथेच नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स व इस्रोच्या पीएसएलव्हीसाठी मोटारींची कवचं घडू लागली. दात्याला दाता नीट बसला पाहिजे, मग चरक असो की युद्धनौका. शेत आणि सैन्य यांच्यातलं अंतर एका वर्कशॉपइतकंच असतं, हे या तालुक्याला वेगळं शिकवायला नको.

१७. मग आपण काय करायचं?

रणगाडा घरी आणायची घाई नको. तोफ म्हटली की शस्त्रकायदा आला, आणि ३६ टन म्हटलं की बायकोचा कायदा आला. आपल्याकडचे शौकीन जुन्या जीपपासून सुरुवात करतात. महिंद्रानं १९४७ मध्ये विलीज जीप जुळवायला घेतली, त्यामुळे सुटे भाग आणि जाणते मिस्त्री अजून सापडतात. आधी नगरला एक चक्कर मारा. जाताना एका पोकलेनवाल्याला गाडीत घ्या. फलकावर असेल त्याहून जास्त तो सांगेल.

१८. आणि एक तारीख

वर्षातून एक दिवस असा येतो, की त्या दिवशी नांगर, पाने, लेथ आणि तलवार सगळ्यांना एकच मान मिळतो: खंडेनवमी. गॅरेजात घणाला हळदकुंकू लागतं, पोकलेनच्या बकेटला झेंडूचा हार चढतो. दसऱ्याला पलटणीत शस्त्रपूजा होते, तेव्हा रणगाड्यांच्या तोफांनाही झेंडू मिळतो. अवजार आणि हत्यार असा भेद आपल्या पूर्वजांनी त्या पूजेत केलाच नाही. रणगाडा हा तर दोन्हींचा वारस. पुढच्या खंडेनवमीला मिस्त्रींच्या गॅरेजात हार घेऊन जाल, तेव्हा एक फूल चेनवरही ठेवा. रसवंतीवरचं ते पोरगं बघत असेल, तर त्याला सांगा, "निम्मं तुझं बरोबर होतं."